काट्याच्या सिरियल पोर्टची परवानगी दिली तरी परत जाते (डेबियन १२, टीटीवायएस०)

काजूकाटा_सत्तरी | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार. वाळपईच्या पुढे आमच्या गावात काजू बियांचं छोटं खरेदी केंद्र आहे. तिथला हिशेब आणि कॉम्प्युटर माझ्याकडे असतो. जानेवारीत एक वापरलेला डेस्कटॉप मिळाला. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आधीपासूनच होतं, ते मी तसंच ठेवलं. मागे नऊ पिनांचं खरं सिरियल पोर्ट आहे, म्हणूनच तो घेतला होता. त्याला प्लॅटफॉर्म काट्याचा इंडिकेटर जोडलाय. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. इंडिकेटर न थांबता वजन पाठवत राहतो. पायथनमधला माझा छोटा प्रोग्रॅम ते वाचतो आणि शेतकऱ्याच्या नावापुढे टाकतो.

अडचण अशी की प्रोग्रॅम सुरू केला की 'पर्मिशन डिनाइड' येतं. मी डायलआउट गटात आहे, म्हणजे सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या गटात. यूझरमॉड देताना -ए आणि मोठा जी दोन्ही दिले होते, लॉगआउट करून परत आत आले, आयडी टाकलं की डायलआउट दिसतं. तरीही तेच. मग सुडो लावून (म्हणजे रूटच्या, मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकाराने) पोर्टला सीएचमॉड ६६६ करते, म्हणजे सगळ्यांना वाचायची-लिहायची परवानगी देते. लगेच चालतं. दहा-पंधरा मिनिटं जातात, कधी त्याहून कमी, आणि प्रोग्रॅम 'इनपुट-आउटपुट एरर' देऊन पडतो. बघायला जावं तर परवानगी पुन्हा होती तशी. शनिवारी दिवसभरात सहा वेळा हेच केलं.

पोर्ट तुटलेलं नाही. बूटच्या नोंदीत टीटीवायएस० (म्हणजे हेच सिरियल पोर्ट) दिसतो, पत्ता ०एक्स३एफ८, इंटरप्ट ४.

आणखी एक गोष्ट सांगते, याच्याशी संबंध असेल की नाही कळत नाही. सकाळी मी येण्याआधी कोणी काटा चालू करून ठेवला असेल तर कॉम्प्युटर बूट मेनूवरच थांबून राहतो. एंटर दाबल्याशिवाय पुढे जात नाही. काटा बंद असेल त्या दिवशी असं होत नाही.

प्रोग्रॅम पडला की मी वजन हाताने टाइप करते. शनिवारी एका आजींचे ६८.४ किलो मी ६४.८ लिहिले. नातवाने पावती वाचली म्हणून कळलं. ३.६ किलोचा फरक. रोज पहाटे बागेत जाऊन पडलेले बोंडू गोळा करायचे, एकेक पिरगळून बी वेगळी करायची, वाळवायची, आणि मग ती इथे आणायची. त्यातले साडेतीन किलो माझ्या बोटामुळे गेले असते. म्हणून मला हे मोसम संपायच्या आत नीट करायचं आहे.

प्रोग्रॅम रूट म्हणून चालव असं एकाने सुचवलं. ते मी करणार नाही. त्याच मशीनवर दोनशेच्या वर लोकांच्या बँक खात्यांचे आकडे आहेत.

फोंडा_कॉम्प्युटर_दुरुस्ती | सोमवार, रात्री १०.१५

ताई, रूटच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या यादीत) दर मिनिटाला सीएचमॉड ६६६ टाका. आमच्याकडे बारकोडच्या मशीनला तीन वर्षं तसंच चालू आहे. दुसरं काही बघायची गरज पडली नाही.

म्हापसा_टर्मिनल | सोमवार, रात्री ११.०५

ताई, क्रॉन आज तरी घालू नका. परवानगी आपोआप बदलत नाही, कोणती तरी प्रक्रिया ती बदलते आहे. दर मिनिटाला आपण एकीकडून ओढणार आणि ती दुसरीकडून. ती कोण हे आधी शोधू या.

काटा चालू आणि तुमचा प्रोग्रॅम बंद ठेवून तीन गोष्टी बघा आणि जसं दिसेल तसं इथे लिहा. पहिली, एलएस -एल ने टीटीवायएस० चा मालक, गट आणि परवानगी. नुसती परवानगी नको, गटाचं नाव महत्त्वाचं. दुसरी, सुडो लावून फ्यूझर -व्ही ने ते पोर्ट कोणी उघडून ठेवलंय. तिसरी, /प्रॉक/सीएमडीलाइन मधला मजकूर, म्हणजे बूटच्या वेळी कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिलेली ओळ.

तुमच्या बूट मेनूच्या गोष्टीमुळे मला एक संशय आहे, पण तो आत्ता लिहीत नाही.

काजूकाटा_सत्तरी | मंगळवार, सकाळी ८.२०

आत्ताच केलं.

मालक रूट. गट टीटीवाय. मी आजवर डायलआउट असेल असंच धरून चालले होते, फक्त आर आणि डब्ल्यू बघत होते. परवानगी अशी: मालकाला वाचणं-लिहिणं, गटाला फक्त लिहिणं, बाकीच्यांना काही नाही. आकड्यात ०६२० ना?

फ्यूझरमध्ये पहिल्यांदा एजेट्टी दिसलं. मिनिटाभराने परत बघितलं तर तिथे लॉगिन होतं आणि प्रक्रियेचा आकडा तोच होता. अजून थोड्या वेळाने पुन्हा एजेट्टी, पण नवा आकडा.

सीएमडीलाइनच्या शेवटी असं आहे: कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,९६००.

मग मला टीटीवाय गटात घालून घ्यायचं का?

म्हापसा_टर्मिनल | मंगळवार, सकाळी ९.००

टीटीवाय गटात घालून घेऊ नका. त्या गटाला वाचायची परवानगीच नाही, त्यामुळे उपयोगही होणार नाही.

संशय होता तेच निघालं. हा कॉम्प्युटर पूर्वी कुठे तरी स्क्रीन-कीबोर्डशिवाय ठेवलेला असणार आणि सिरियल केबलवरून त्यात लॉगिन करत असणार. ज्याने तो लावला त्याने कर्नलला सांगून ठेवलंय की टीटीवायएस० हे कन्सोल आहे. कर्नलच्या ओळीत असं लिहिलेलं असलं की सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) बूटच्या वेळी स्वतःहून त्या पोर्टवर सिरियल-गेट्टी नावाची सेवा सुरू करतं. ती एजेट्टी चालवते, आणि एजेट्टी पहिलं काम कोणतं करतं तर पोर्ट रूट मालकीचं, टीटीवाय गटाचं आणि ०६२० करून घेतं. पलीकडे माणूस बसलाय, तो लॉगिन करणार, तोवर दुसऱ्या कोणी हे पोर्ट वाचू नये, हा त्यामागचा विचार आहे. त्याच्या जागी तो बरोबर आहे. तुमच्याकडे पलीकडे माणसाऐवजी काटा आहे एवढंच.

आता तुमची दहा-पंधरा मिनिटं कुठून येतात ते बघा. एजेट्टी केबलवर 'लॉगिन:' असं लिहून वाट बघत बसतं. काटा वजनाची ओळ पाठवतो. एजेट्टी त्या ओळीला वापरकर्त्याचं नाव समजतं आणि स्वतःच्या जागी लॉगिन आणतं, म्हणून तुम्हाला आकडा तोच दिसला. लॉगिन पासवर्ड मागतं, तेवढ्यात काट्याची पुढची ओळ येते, ती पासवर्ड म्हणून घेतली जाते. चुकीचा. असं काही वेळा झालं की किंवा ठरलेली मुदत संपली की लॉगिन बाहेर पडतं, सिस्टिमडी पोर्टवरची सगळी जोडणी तोडून नवं एजेट्टी उभं करतं आणि परवानगी पुन्हा ०६२०. तुमच्या प्रोग्रॅमला इनपुट-आउटपुट एरर येते ती ही जोडणी तुटते त्या क्षणी. सुडो जर्नलसीटीएल लावून सिरियल-गेट्टीच्या नोंदी बघा, फसलेल्या लॉगिनची रांग दिसेल.

बूट मेनूचंही मूळ हेच दिसतं. ग्रबलाही (बूट मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) बहुतेक सिरियल पोर्ट टर्मिनल म्हणून दिलेलं आहे. मेनू दिसत असताना कुठलीही कळ दाबली की उलटी मोजणी थांबते, आणि काट्याकडून आलेलं प्रत्येक अक्षर ग्रबला कळ वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठीच मी क्रॉन नको म्हटलं. ६६६ केल्यावर तुमचा प्रोग्रॅम चालत होता त्या वेळात एजेट्टी किंवा लॉगिनही तेच पोर्ट वाचत होतं. सिरियल पोर्टवर आलेलं अक्षर एकदाच मिळतं. दोन वाचणारे असले की काही अक्षरं एकाला जातात, काही दुसऱ्याला. दोघांनाही पूर्ण ओळ मिळेल असं नसतं. काट्याने ४८.६० पाठवलं आणि ४ दुसऱ्याकडे गेला तर तुमच्याकडे ८.६० आलं असेल. तुमचा प्रोग्रॅम ते वजन समजून घेतो का, हे कृपा करून आजच तपासा.

काजूकाटा_सत्तरी | मंगळवार, सकाळी ९.४०

घेतो. माझा प्रोग्रॅम ओळीतून आकडा काढतो आणि ठेवतो. ओळ पूर्ण आहे का हे मी कधी बघितलंच नाही.

काट्यावरचे काका वहीत पेन्सिलने वजन लिहितात, जुन्या सवयीने. ती वही आणि कॉम्प्युटरमधल्या नोंदी आज रात्री लावून बघते. सेवा बंद कशी करायची ते सांगाल का? बाहेर माणसं आली आहेत, आज मी हाताने लिहिते आणि काकांकडून प्रत्येक आकडा वाचून घेते.

म्हापसा_टर्मिनल | मंगळवार, दुपारी १.३०

संध्याकाळी काटा बंद करून हे करा.

आधी सिस्टिमसीटीएल स्टॉप, मग सिस्टिमसीटीएल मास्क, दोन्ही सिरियल-गेट्टी@टीटीवायएस०.सर्व्हिस या नावावर. डिसेबल पुरत नाही. ही सेवा कोणी हाताने सुरू केलेली नाही, कर्नलची ओळ वाचून ती दर बूटला नव्याने तयार होते. मास्क केल्यावरच ती उठत नाही.

मग मूळ. /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब उघडा. आधी त्याची प्रत काढून ठेवा. ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स ने सुरू होणाऱ्या ओळींत कन्सोल=टीटीवायएस०,९६०० सापडेल, तेवढाच तुकडा काढा. कन्सोल=टीटीवाय० राहू दे, तो तुमचा स्क्रीन आहे. त्याच फाइलमध्ये ग्रब_टर्मिनल मध्ये सिरियल शब्द असेल तर तो काढून कन्सोल ठेवा. ग्रब_सिरियल_कमांड ची ओळही नको. फाइल जतन करून अपडेट-ग्रब चालवा आणि मशीन पुन्हा सुरू करा. नुसतं मास्क करून थांबलात तर कर्नलचे स्वतःचे संदेश काट्याकडे जातच राहतील. काही इंडिकेटर आलेली अक्षरं आज्ञा म्हणून घेतात, शून्य करणं, टेअर करणं (भांड्याचं वजन वजा करणं) वगैरे. तेही नको.

परत चालू झाल्यावर गट डायलआउट आणि परवानगी ०६६० दिसायला हवी. यूडेव्हचा (उपकरणांना नावं आणि परवानगी देणाऱ्या भागाचा) मूळ नियमच तसा आहे, वेगळा नियम लिहावा लागत नाही. मग सीएचमॉडला हात लावावा लागणार नाही.

जुनं_युनिक्स_पणजी | मंगळवार, रात्री ८.४५

हे वाचून राहवलं नाही. नव्वदच्या दशकात आम्ही पणजीत एका प्रयोगशाळेत सनच्या वर्कस्टेशनला पाण्याची क्षारता मोजणारं उपकरण जोडलं होतं. तिथे सोलारिस होतं. नेमकी हीच तक्रार. पोर्ट वाचायला जावं तर कोणी तरी आधीच बसलेलं. तिथे त्याचं नाव टीटीवायमॉन होतं. पीएमएडीएम -एल दिलं की कुठल्या पोर्टवर तो ऐकत बसलाय ते दिसायचं आणि -डी देऊन तो बंद करायचा. आम्हाला हे कळायला आठ दिवस गेले होते, ताईंना एका रात्रीत कळलं याचा आनंद आहे.

सोलारिसमध्ये एकाच पोर्टला दोन नावं असत. /डेव्ह/टर्म/ए आणि /डेव्ह/क्युआ/ए. पहिलं बाहेरून आत येणाऱ्यासाठी, ते पलीकडून कॅरिअरचा सिग्नल यायची वाट बघायचं. दुसरं आतून बाहेर जाणाऱ्यासाठी, ते वाट बघत नसे. लिनक्समधले हे दोन गट मी तसेच समजतो. डायलआउट म्हणजे मोडेमने बाहेर फोन लावणारे. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप, पलीकडे माणूस बसलाय असं धरलेलं. त्या गटाला फक्त लिहिण्याची परवानगी का, तर राइट आणि वॉल या आज्ञांनी एकमेकांच्या पडद्यावर निरोप लिहिता यावा, पण दुसरा काय टाइप करतोय ते वाचता येऊ नये. ०६२० हा आकडा बघितला की या पोर्टवर लॉगिनची अपेक्षा आहे असं ओळखावं. आपल्याकडच्या जुन्या घरात बल्कांवावर (पुढच्या ओसरीवर) येणाऱ्याला बसवतात आणि मागच्या दाराने घरची माणसं माडाकडे जातात, तसं पोर्ट येणाऱ्यासाठी आहे की जाणाऱ्यासाठी हे आधी ठरवावं लागतं.

फोंड्याच्या भाऊंना एक विनंती. बारकोडच्या मशीनवर तेवढं फ्यूझर चालवून बघा. अक्षर गळलं तर तिथे वस्तू सापडत नाही आणि आपण पुन्हा स्कॅन करतो, म्हणून ते लक्षात आलं नसेल. वजनात गळलेलं अक्षरही वजनच असतं.

फोंडा_कॉम्प्युटर_दुरुस्ती | मंगळवार, रात्री ९.३०

बघितलं सर. एजेट्टी नाही, मोडेममॅनेजर निघालं. स्कॅनर यूएसबीला लावला की ते त्याला मोडेम समजून आधी एटी आज्ञा पाठवून बघतं. यूडेव्हच्या नियमात त्या उपकरणाला आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर लावून दिलं. क्रॉन काढून टाकलं. तीन वर्षं आम्ही कारण शोधलंच नव्हतं, माझा सल्ला मागे घेतो.

मडगाव_वाचनकक्ष | बुधवार, सकाळी ७.५०

पुढे कधी जुना डेस्कटॉप जाऊन यूएसबीची सिरियल केबल लावायची वेळ आली तर हे लक्षात असू द्या. सीएच३४० चिप असलेली केबल उबंटू २२.०४ वर लावली की टीटीवाययूएसबी० क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. परवानगीचा प्रश्न वाटतो, पण तो बीआरएलटीटीवाय असतो. अंध माणसांच्या ब्रेल पट्टीसाठीचा प्रोग्रॅम. काही ब्रेल पट्ट्यांमध्ये तीच चिप असते, तोच १ए८६:७५२३ हा क्रमांक, म्हणून तो केबलला आपली पट्टी समजून घेतो. सगळीकडे 'तो काढून टाका' असाच सल्ला मिळतो. मी ज्या मशीनवर काम करते तिथे ब्रेल पट्टी वापरणाऱ्या एक बाई येतात. तो काढला असता तर त्यांचा कॉम्प्युटर मुका झाला असता. आम्ही बीआरएलटीटीवायच्या यूडेव्ह फाइलची प्रत /इटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये घेतली आणि तिच्यातला त्या एका क्रमांकाचा नियम तेवढा बंद केला. त्यांची पट्टी वेगळ्या क्रमांकाची होती, म्हणून हे जमलं. काढण्याआधी मशीन कोण वापरतं हे विचारावं एवढंच.

काजूकाटा_सत्तरी | गुरुवार, रात्री १०.३०

दोन दिवस लिहायला वेळ झाला नाही, क्षमा करा.

मंगळवारी संध्याकाळी सगळं केलं. ग्रबच्या फाइलमध्ये म्हटल्याप्रमाणे तिन्ही गोष्टी होत्या, सिरियल टर्मिनलही होतं. पुन्हा सुरू केल्यावर गट डायलआउट, परवानगी ०६६०. बुधवारी आणि आज दिवसभर प्रोग्रॅम एकदाही पडला नाही. आज सकाळी मुद्दाम काटा आधी चालू केला आणि मग कॉम्प्युटर. मेनूवर थांबला नाही, सरळ वर आला.

प्रोग्रॅमही बदलला. आमच्या इंडिकेटरची ओळ ठरलेल्या लांबीची असते, सुरुवातीला एक खूण, शेवटी केजी आणि नवी ओळ. आता लांबी, खूण आणि केजी तिन्ही जुळल्याशिवाय ओळ घेतच नाही, आणि तेच वजन लागोपाठ पाच वेळा आलं तरच पावतीवर जातं. माणूस पोतं ठेवून हात काढतो त्या मधल्या वेळातले हलते आकडेही त्यामुळे गळले, ते मला आधी सुचायला हवं होतं. पोर्ट उघडताना एक्सक्लुझिव्ह हा पर्यायही लावला. म्हापशाच्या भाऊंनी निरोपात सांगितलं की रूटच्या प्रक्रियेला तो अडवत नाही. तरी माझाच प्रोग्रॅम चुकून दोनदा सुरू झाला तर दुसरा लगेच थांबतो, तेवढ्यासाठी ठेवलाय.

आता वहीचं. मंगळवारी रात्री मी आणि वडील बसलो. ते काकांच्या वहीतला आकडा वाचत होते, मी पडद्यावरचा. मार्चपासूनच्या नोंदी संपायला पहाटेचे दोन वाजले. सात नोंदी जुळल्या नाहीत. दोन ठिकाणी पहिला अंक गेलेला, ५२.३० चे २.३० आणि ३७.१० चे ७.१०. ते दोघे त्याच दिवशी भांडून गेले होते, त्यांची पावती मी तेव्हाच बदलली होती आणि टाइप करताना चुकलं असेल असं त्यांना सांगितलं होतं. बाकीच्या पाच ठिकाणी मधला किंवा शेवटचा अंक गेलेला. ४१.८० चे ४१.०, ६३.५० चे ६.५०, अशी. ६.५० वाला माणूस काहीच बोलला नव्हता. पोत्यात किती आहे हे त्याला माहीत असणारच, पण कॉम्प्युटरमधून आलेली पावती चुकीची कशी असेल, असं म्हणून तो गेला असेल.

समितीपुढे काल वही आणि छापलेल्या नोंदी दोन्ही ठेवल्या. पाचही जणांचा फरक द्यायचं ठरलं. तिघांना आज दिला. ६.५० वाल्या काकांचं घर नदीपलीकडे आहे, शनिवारी वडिलांसोबत जाऊन देऊन येते. पाचव्यांचा फोन लागत नाही, त्यांच्या वाड्यावरच्या एकाकडे निरोप ठेवलाय.

पेन्सिलची वही बंद करायची असं जानेवारीत आम्ही ठरवलं होतं, काकांनी ऐकलं नाही. ती वही आता मोसम संपेपर्यंत रोज संध्याकाळी नोंदींशी लावायची.

एक राहिलं. मेच्या शेवटी आमच्याकडे वीज कडाडायला लागते आणि केबल काट्यापासून कॉम्प्युटरपर्यंत नऊ-दहा मीटर आहे, अर्धी पत्र्याखालून बाहेर. संध्याकाळी दोन्ही टोकं काढून ठेवणं पुरेल, की मधे ऑप्टिकल आयसोलेटर लावू?

म्हापसा_टर्मिनल | गुरुवार, रात्री ११.१०

दोन्ही करा. दिवसासुद्धा ढग भरून यायला लागले की रांग थांबवून टोकं काढा, वजन दहा मिनिटांनी घेतलं तरी चालतं. आयसोलेटर कॉम्प्युटरच्या बाजूला लावा. पावसाळ्यात कनेक्टरच्या पिना महिन्यातून एकदा बघत जा, हिरवट दिसल्या तर साफ करा. शनिवारी त्या काकांना भेटलात की इथे दोन ओळी लिहा.